तक्रारीआधीची मदत

महाराष्ट्रात बलात्काराच्या कायद्याचा इतिहास देसाईगंजपासून सांगण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. १९७२ साली, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात असलेल्या या गावच्या पोलीस ठाण्यात चौदा ते सोळा वर्षांच्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुलीच्या अंगावर जखमा नाहीत व तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही अशा कारणांनी, त्यांना पुन्हा निर्दोष ठरवले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, १९८० मध्ये मुंबईत स्त्रियांचे व्यासपीठ उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. कोठडीतील बलात्काराला कठोर शिक्षा ठरली, अशा गुन्ह्यात संमती नव्हती असे गृहीत धरण्याची तरतूद आली, पीडितेची ओळख छापण्यास बंदी झाली. परंतु अशा मुलीला त्या रात्री औषध कोणी द्यायचे, दुसऱ्या दिवशी तिने कोणाच्या घरी जायचे आणि खटला चालेल तेवढी वर्षे तिच्या रोजगाराचे काय, याविषयी त्या दुरुस्तीत एक शब्दही नव्हता.

आधारसेवा हा विषय या राहून गेलेल्या भागाचा आहे. वैद्यकीय उपचार, समुपदेशन, तात्पुरता निवारा, कायदेशीर साहाय्य, पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात कोणाची तरी सोबत, तसेच पुढे शिक्षण किंवा काम पुन्हा सुरू करण्यासाठीचे पाठबळ, अशा अनेक गोष्टी या एका संज्ञेत येतात. त्या पीडित व्यक्तीच्या राहत्या परिसराच्या आवाक्यात असल्या म्हणजे त्यांना सामुदायिक सेवा म्हणतात. महाराष्ट्रात त्या हळूहळू उभ्या राहिल्या. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पोलिसांच्या इमारतीत पोलीस नसलेल्या समाजकार्यकर्त्या बसू लागल्या. २००१ मध्ये ‘सेहत’ ही संशोधन संस्था आणि मुंबई महानगरपालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र काढले, ज्यामुळे स्त्रियांवरील हिंसा हा आरोग्याचाही प्रश्न आहे ही भूमिका सार्वजनिक रुग्णालयाच्या रोजच्या कामात आली. २०१३ मध्ये राज्य शासनाची ‘मनोधैर्य’ योजना आली आणि २०१५ पासून निर्भया निधीतून ‘सखी’ वन स्टॉप सेंटर, म्हणजे वैद्यकीय, कायदेशीर आणि मानसिक मदत एका छताखाली देणारी जिल्हावार केंद्रे, उघडू लागली.

या सेवा कशासाठी आहेत, याविषयी मात्र त्या चालवणाऱ्यांमध्येच दोन मते आहेत, आणि ती दोन्ही प्रामाणिक आहेत. पुढील संवादातील निवृत्त सरकारी वकील आणि सार्वजनिक रुग्णालयातील समुपदेशक ही पात्रे कल्पिलेली असली, तरी त्यांचे युक्तिवाद न्यायालयांच्या आवारात आणि रुग्णालयांच्या अपघात विभागांत खरोखरच ऐकू येतात.

सरकारी वकील : “ताई, आधारसेवेला विरोध कोणीच करणार नाही; प्रश्न तिच्या रोखाचा आहे. बलात्काराचा खटला पीडितेच्या नावाने चालत नाही, राज्याच्या नावाने चालतो, कारण हा गुन्हा तिच्या एकटीपुरता राहत नाही. देशात निकाली निघालेल्या बलात्काराच्या खटल्यांपैकी तीस टक्क्यांहूनही कमी खटल्यांत शिक्षा होते. अशा स्थितीत जी सेवा खटल्याला बळ देत नाही ती एका मुलीचे दुःख हलके करील, पण तोच माणूस उद्या दुसऱ्या मुलीवर हात टाकील त्याला अडवणार नाही. तक्रार तीन आठवड्यांनी येते तोवर कपडे धुतलेले असतात, मोबाइलमधले संदेश पुसलेले असतात आणि शेजारी गप्प बसायला शिकलेले असतात. म्हणून पहिल्या तासापासून प्रत्येक सेवेची वाट पोलीस ठाण्याकडेच जायला हवी.”

समुपदेशक : “साहेब, न्यायालयात दिसते ती तक्रार नोंदवलेली बाई. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे एकच गोष्ट दिसते, की नोंदलेल्या बलात्कारांपैकी दहात नऊंहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. ओळखीचा म्हणजे काका, शेजारी, मुकादम, लग्न ठरलेला मुलगा. त्याच्याच ओसरीवरून जिला पाण्याला जायचे आहे, तिला अपघात विभागात आल्याआल्या ‘केस करायची आहे का’ असे विचारले, की ती उठून निघून जाते. आणि ती गेली की औषधाची वेळही टळते. ती वेळ खटल्यासाठी थांबत नाही.”

औषधाची वेळ या शब्दांचा अर्थ येथे सांगितला पाहिजे, कारण हा सगळा वाद पुष्कळदा या तासांचा हिशेब न करता घातला जातो. एचआयव्हीची लागण टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत, आणि खरे तर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळणारी तातडीची गोळी पाच दिवसांपर्यंत देता येते, परंतु तिचा गुण दर दिवसागणिक उतरत जातो. यांखेरीज कावीळ ‘ब’ आणि धनुर्वाताची लस असते, जखमांवरचे उपचार असतात. यांपैकी एकाही गोष्टीसाठी एफआयआरची गरज नाही. फौजदारी कायद्यातील २०१३ च्या दुरुस्तीने सरकारी आणि खासगी अशा सर्व रुग्णालयांवर मोफत व तत्काळ उपचारांचे बंधन घातले. ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे, आणि उपचार नाकारणाऱ्या रुग्णालयप्रमुखाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्याच कलम ३९७ ने रुग्णालयाला पोलिसांना ताबडतोब कळवायलाही सांगितले आहे. म्हणजे कायद्याने उपचार आणि वर्दी ही दोन कामे एकाच वाक्यात बांधली आहेत, आणि दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने त्याच वाक्याचा आधार घेतात.

या कोंडीतून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी एक वाट काढली. उपचार, वैद्यकीय तपासणी, पुराव्याचे नमुने आणि पोलिसांना माहिती या प्रत्येक गोष्टीसाठी संमती स्वतंत्रपणे विचारायची. प्रौढ व्यक्तीने पोलिसांकडे जायचे नाही असे सांगितले, तर रुग्णालय पोलिसांना कळवते खरे, पण तिचा नकार कागदावर नोंदवते आणि त्या नकारामुळे तिचे उपचार अडत नाहीत.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते, हे एकदा जवळून पाहणे आवश्यक आहे. जमिनीवर स्वच्छ कागद अंथरून त्यावर उभे राहूनच तिने कपडे उतरवायचे असतात, कारण अंगावरचे केस, माती, गवताची काडी खाली पडली तरी ती हरवू नये. प्रत्येक कपडा वेगळा ठेवायचा, ओला असेल तर सावलीत वाळवायचा आणि कागदी पिशवीत घालून मोहोरबंद करायचा, कारण प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि नमुना सडतो. हे सर्व नीट पार पडल्यावर एक अगदी साधा प्रश्न उरतो, की आता तिने घरी काय घालून जायचे? अंगावरचे कपडे पुरावा झालेले असतात. ज्या रुग्णालयात कपाटात दोन-तीन मापांचे धुतलेले सलवार-कुडते आणि गाऊन ठेवलेले असतात, तेथे कोणीतरी या कामाचा शेवटपर्यंत विचार केला आहे असे समजावे. जेथे ते नसतात तेथे मुलगी रुग्णालयाच्या चादरीत गुंडाळलेली बाहेर पडते आणि बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांना न सांगताच सारे कळते.

सरकारी वकील : “हे मान्यच करायला हवे. जो हात औषध देतो तोच हात नमुना घेतो, त्यामुळे बाईला धीर वाटला तर पुरावाही चांगला मिळतो. शरीरावरचे नमुने साधारण चार दिवसांपर्यंतच मिळू शकतात, तेव्हा ती रुग्णालयात टिकून राहिली पाहिजे, हा खटल्याच्याही फायद्याचा भाग आहे. पण ताई, नमुने घेतले आणि तक्रार झालीच नाही, तर ते मोहोरबंद पाकीट कपाटात पडून राहणार. त्याचा उपयोग काय?”

समुपदेशक : “उपयोग इतकाच, की निर्णय तिच्या हातात राहतो. आज नकार देणारी बाई घरी जाऊन आईशी बोलते, दोन रात्री झोपते आणि तिसऱ्या दिवशी परत येते, असे घडते. ती परत येते ती पहिल्या दिवशी कोणी तिला दटावले नाही म्हणून.”

या जागी समुपदेशकाचे म्हणणे अधिक बळकट आहे, आणि त्याचे कारण केवळ करुणेत नाही. १९७१-७२ च्या सुमारास अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या बर्कली परिसरात आणि वॉशिंग्टनमध्ये, स्त्रियांनी स्वतःच्या बळावर बलात्कारग्रस्तांसाठी पहिली केंद्रे काढली, तेव्हा त्यांच्याकडे एक फोन आणि आळीपाळीने तो उचलणाऱ्या बायका, एवढाच सरंजाम होता. त्याच काळात बोस्टनच्या सार्वजनिक रुग्णालयात ॲन बर्जेस ही परिचारिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ यांनी अत्याचारानंतर लगेच आलेल्या स्त्रियांच्या प्रतिक्रियांचा अभ्यास केला आणि १९७४ मध्ये ‘बलात्कारानंतरचा आघात-लक्षणसमूह’ ही संज्ञा मांडली. रडणाऱ्या, थरथरणाऱ्या स्त्रियांइतक्याच शांत, सावरलेल्या, जणू काही झालेच नाही अशा वागणाऱ्या स्त्रियाही त्यांना आढळल्या. सावरलेपणा हीही आघाताचीच एक प्रतिक्रिया आहे, हे ज्ञान न्यायालयांच्या खटल्यांतून निघालेले नाही, ते सेवेतून निघालेले आहे. मुलीने आरडाओरडा केला नाही यावरून १९७८ मध्ये जो निष्कर्ष काढला गेला, तो असे ज्ञान न्यायासनापर्यंत पोहोचले नव्हते म्हणून काढला गेला. कौमार्य किंवा ‘सवय’ ठरवण्यासाठी होणारी दोन बोटांची चाचणीही अशीच अज्ञानावर टिकून होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती खासगीपणाच्या हक्काचा भंग ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी मानण्याचा आदेश दिला.

सरकारी वकिलाचा पुढचा आक्षेप अधिक अवघड आहे.

सरकारी वकील : “बचाव पक्षाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘या संस्थेच्या बाईंनी तुला काय सांगायला शिकवले?’ साक्षीदार पढवलेला आहे अशी शंका एकदा न्यायाधीशांच्या मनात आली, की खरी साक्षही पातळ होते. चांगल्या मनाची कार्यकर्ती मुलीला धीर देताना घटनेची उजळणी करून घेते, तारखा जुळवून देते, आणि नकळत खटला बुडवते.”

समुपदेशक : “म्हणूनच सोबत करणारीला शिकवावे लागते, की घटनेविषयी एकही प्रश्न विचारायचा नाही. पण सोबतच नको असे म्हणता येईल का? सत्र न्यायालयाचा व्हरांडा तुमच्या रोजच्या पाहण्यातला आहे, साहेब. सकाळी साडेदहाला मुलीला बोलावलेले असते. समोरच्याच बाकावर आरोपीची आई, मेव्हणा, गावचे चार लोक बसलेले असतात. दुपारपर्यंत पुकारा होत नाही, मग बचावाचे वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतले म्हणून तारीख पडते. आरोपपत्रानंतर दोन महिन्यांत खटला संपवावा असे कायदा म्हणतो, इथे उलटतपासणीलाच त्याहून जास्त तारखा लागतात. मुलीचा बाप प्रत्येक तारखेला मजुरी बुडवून येतो. असे सहा वेळा झाल्यावर ती फितूर होते, तेव्हा तिला कोणी विकत घेतलेले असेलच असे नाही. ती दमलेली असते.”

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच, दिल्लीतील घरकामगार स्त्रियांच्या संघटनेने आणलेल्या प्रकरणात, पीडितेला पोलीस ठाण्यापासूनच वकिलाची मदत मिळावी असे म्हटले होते. बालकांच्या बाबतीत ही कल्पना पुढे गेली आणि पॉक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, व त्याचे नियम यांनी ‘साहाय्यक व्यक्ती’ हे पद निर्माण केले. बालकल्याण समिती ही व्यक्ती नेमते, आणि तपासापासून निकालापर्यंत मुलासोबत राहणे, कोणत्या तारखेला काय होणार हे त्याला समजेल अशा भाषेत सांगणे, हे तिचे काम असते. प्रौढ स्त्रीसाठी असे पद नाही. ते असायला हवे, यावर संवादातील दोघांचेही एकमत झाले आणि त्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज पडली नाही.

खरा मतभेद ‘समुदाय’ म्हणजे कोण, येथे उफाळला, आणि या ठिकाणी दोघांनी जणू भूमिकांची अदलाबदल केली.

सरकारी वकील : “सगळी केंद्रे जिल्ह्याच्या ठिकाणी. भामरागडहून गडचिरोलीला किंवा धडगावच्या पाड्यावरून नंदुरबारला पोहोचण्यात अख्खा दिवस जातो, आणि तोही गाडी मिळाली तर. सेवा सामुदायिक म्हणायची असेल तर ती गावात हवी. आशा कार्यकर्ती आहे, अंगणवाडी सेविका आहे, बचत गट आहे, पोलीस पाटील आहे. यांना शिकवून तयार करा.”

समुपदेशक : “आणि गोष्ट संध्याकाळपर्यंत चावडीवर पोहोचेल. आशाताई चांगली असते, पण ती त्याच गावची सून असते, कधी आरोपीच्याच भावकीतली. पोलीस पाटलाला दोन्ही घरी लग्नाला जायचे असते. गावाला शांतता हवी असते, आणि गावाच्या शांततेची किंमत बहुधा मुलीनेच मोजायची असते : त्याच्याशीच लग्न लावून टाका, जातपंचायतीत दंड भरून घ्या, मुलीला मामाकडे पाठवा आणि शाळेतून नाव काढा. मुलीवर अन्याय करणारी माणसेही समुदायच असतात, साहेब.”

कायद्याने अशा तडजोडींना थारा ठेवलेला नाही. बलात्काराच्या प्रकरणात समझोता हा विचारातच घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले, आणि २०२१ मध्ये, आरोपीने तक्रारदार स्त्रीकडून राखी बांधून घ्यावी ही मध्य प्रदेशातील एका जामीन आदेशातील अट रद्द करताना, न्यायालयांनीही अशा सूचना करू नयेत असे बजावले. जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याला आळा घालणारा २०१६ चा कायदा महाराष्ट्रात आहे. तरीही गावात राहायचे आहे, दळण तिथेच दळायचे आहे आणि धाकट्या बहिणीचे लग्न तिथूनच व्हायचे आहे, हे ज्या घराला ठाऊक असते त्याच्यावरचा दबाव निकालपत्रांनी ओसरत नाही. म्हणून समुपदेशकाने मांडलेली विभागणी लक्षात घेण्यासारखी आहे. गावपातळीवरच्या स्त्रीकडे गोष्ट ऐकून घेण्याचे काम देऊच नये. तिने काय झाले हे न विचारता ‘चल, दवाखान्यात जाऊ’ एवढे म्हणावे, १८१ किंवा बालकांसाठी १०९८ हा क्रमांक लावून द्यावा, गाडीची सोय करावी आणि बरोबर जावे. ऐकणारी व्यक्ती तालुक्याच्या रुग्णालयात, भावकीच्या बाहेरची, पगारी आणि उत्तरदायी असावी. वकिलांनी यात एक भर घातली, आणि ती रास्त आहे : सोबत जाणाऱ्या स्त्रीच्या प्रवासाचा खर्च आणि त्या दिवसाचा मेहनताना शासनाने दिला पाहिजे, कारण फुकटच्या सेवाभावावर उभी केलेली व्यवस्था शेवटी सर्वांत गरीब बायकांच्याच खांद्यावर येते. वन स्टॉप सेंटरमधील कर्मचारीही कंत्राटी असतात. वर्षभराच्या करारावर काम करणारी समुपदेशक चार वर्षे चालणाऱ्या खटल्यात मुलीला शेवटपर्यंत ओळखीची राहील, अशी अपेक्षा करणे बरोबर नाही.

पैशाच्या प्रश्नावर दोघे थोडक्यात बोलले. ‘मनोधैर्य’ योजनेतील साहाय्य सुरुवातीला दोन ते तीन लाखांचे होते, पुढे त्याची कमाल मर्यादा दहा लाखांपर्यंत गेली. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत बलात्कारासाठी चार ते सात लाखांची भरपाई सुचवलेली आहे. आरोपीला शिक्षा होण्याची अट त्यात नाही, ही मोठी गोष्ट आहे. परंतु अर्जाला एफआयआर किंवा न्यायालयीन तक्रारीची प्रत लागते आणि मंजूर रकमेचा मोठा भाग मुदतठेवीत अडकतो. पैशासाठी तक्रार केली, या बचाव पक्षाच्या आरोपाला मुदतठेवीमुळे थोडी खीळ बसते, असे वकिलांचे म्हणणे. भाडे थकले म्हणून घरमालक दाराशी उभा आहे त्या महिन्यात मुदतठेवीची पावती दाखवून भागत नाही, असे समुपदेशकाचे उत्तर. येथे उत्तरच अधिक खरे आहे.

अल्पवयीनांचा प्रश्न मात्र झटकन मिटवता येत नाही. पॉक्सोच्या कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक अपराधाची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने, म्हणजे डॉक्टर, शिक्षक, समुपदेशक यांनीही, ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. न कळवणे हा गुन्हा आहे. येथे पीडितेची इच्छा विचारण्याला जागा नाही.

सरकारी वकील : “आठ वर्षांच्या मुलीवर घरातलाच माणूस हात टाकतो, आई कमावत्या दिराला घाबरून गप्प राहते, तेव्हा त्या मुलीच्या बाजूने बोलणारे कायद्याशिवाय कोण आहे? समुपदेशकाने तिचे गुपित सांभाळायचे म्हणजे कोणाला सांभाळायचे?”

समुपदेशक : “आठ वर्षांच्या मुलीबद्दल वादच नाही, तिथे त्याच दिवशी कळवायला हवे. पण सतरा वर्षांची मुलगी पाळी चुकली म्हणून येते, मुलगा एकोणीस वर्षांचा, तिच्या मनात असलेला. डॉक्टर पोलिसांना सांगणार हे वस्तीत ठाऊक झाले, की पुढची मुलगी रुग्णालयात येत नाही. ती बोगस डॉक्टरकडे जाते, आणि मग रक्तस्राव होऊन येते.”

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ च्या निर्णयात ही अडचण ओळखली. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची वर्दी डॉक्टरांनी द्यावी, पण तिने किंवा पालकांनी विनंती केल्यास तिचे नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही, असे त्यात म्हटले आहे. वकिलांना ही सवलत धोकादायक वाटते, कारण जबरदस्ती झालेली सतरा वर्षांची मुलगीही धाकापोटी ‘माझ्या मनात होते’ असे सांगू शकते, आणि हा धोका खरा आहे. समुपदेशकाला ती अपुरी वाटते. सोळा ते अठरा या वयाविषयी त्यांचा मतभेद मिटला नाही, आणि तो शब्दांच्या कसरतीने मिटवून दाखवण्यात अर्थही नाही.

ज्या मुद्द्यावर सेवा आणि तक्रार यांचा सांधा पूर्णपणे निखळतो, तो मुद्दा समुपदेशकाने शेवटी काढला.

समुपदेशक : “नवऱ्याने रात्री जबरदस्ती केली म्हणून रक्त जात असलेली बाई येते. तिने कोणत्या कलमाखाली बलात्काराची तक्रार करायची?”

या प्रश्नाला फौजदारी कायद्यात उत्तर नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मधील दुसरा अपवाद अठरा वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेल्या संभोगाला बलात्काराच्या व्याख्येबाहेर ठेवतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात लैंगिक अत्याचार ही हिंसा मानली आहे, परंतु तो मुख्यतः संरक्षण, निवास आणि खर्चाचे आदेश देणारा दिवाणी स्वरूपाचा कायदा आहे. सप्टेंबर २०२२ च्या त्याच निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, फक्त गर्भपाताच्या कायद्यापुरते, पतीने केलेली जबरदस्ती बलात्कारच समजली. म्हणजे एकाच स्त्रीवरची एकच घटना शस्त्रक्रियागृहात बलात्कार आहे आणि पोलीस ठाण्यात नाही. प्रौढ पुरुषाची स्थितीही अशीच आहे : बलात्काराची व्याख्या स्त्रीपुरती आहे, आणि पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ नव्या संहितेत उरलेले नाही, त्यामुळे त्याच्यावर झालेल्या बलात्काराला त्या नावाने नोंदवणारे कलम नाही. सेवेची दारे तक्रारीच्या किल्लीनेच उघडणार असतील, तर ही माणसे कायमची बाहेर राहतात, त्यांच्या जखमा कितीही सारख्या असल्या तरी.

सरकारी वकील : “या बायकांसाठी खटल्याचा आग्रह धरता येत नाही, हे खरे. आणि त्यांना विनातक्रार सेवा द्यायची, तर इतरांना तक्रारीची अट घालण्याला आधार उरत नाही. पण मग एक धोका ओळखायला हवा. केंद्रात बाई जे बोलते ते समुपदेशक कागदावर लिहून ठेवते. उद्या खटला उभा राहिला, की बचाव पक्ष तो कागद न्यायालयात मागवतो. त्यात तिने ‘माझेच चुकले’ असे म्हटलेले असते, कारण पहिल्या आठवड्यात बहुतेक बायका तसेच म्हणतात. तेवढे एक वाक्य उलटतपासणीला पुरते. पक्षकार आणि वकील यांच्यातले बोलणे कायद्याने गोपनीय आहे. समुपदेशकाशी झालेले बोलणे नाही.”

समुपदेशक : “मग काय लिहायचेच नाही? नोंद नसेल तर दुसऱ्या पाळीतली समुपदेशक तिला पुन्हा पहिल्यापासून सगळे विचारणार.”

सरकारी वकील : “लिहायचे, पण दोन ठिकाणी. केसपेपरवर उपचार, औषधे, पुढची तारीख आणि ती सुरक्षित आहे की नाही एवढेच. बाकीचे वेगळ्या फाइलीत, आणि त्या फाइलीला पुरावा कायद्यात संरक्षण. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी लैंगिक अत्याचाराच्या समुपदेशकाला असे संरक्षण दिलेले आहे. भारतीय साक्ष अधिनियमात वकिलाच्या गोपनीयतेच्या कलमांशेजारी एक कलम घालावे लागेल, आणि त्यात समुपदेशक म्हणजे कोण हेही लिहावे लागेल : शासनमान्य केंद्रातील प्रशिक्षित व्यक्ती, मग ती पगारी असो वा नसो.”

समुपदेशक : “आणि बालकांच्या बाबतीत?”

सरकारी वकील : “वर्दी द्यावीच लागेल, तेवढ्यापुरते ते संरक्षण बाजूला ठेवावे लागेल. पण वर्दी म्हणजे घटना घडल्याची माहिती. मुलीने बंद खोलीत उच्चारलेला प्रत्येक शब्द नव्हे. त्या कलमाच्या मसुद्यात हा फरक आधी लिहू. सोळा ते अठराचे त्यानंतर पाहू.”